आई, कडी लावू नकोस

कुम्हारीतल्या आमच्या घरी बाथरूमचं दार आता आतून बंद होत नाही. कडी मीच काढली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "म्हातारी झाले म्हणून लाजही सोडू का?" तिचंही खरंच होतं. मग दाराबाहेरच्या खिळ्याला लाल पट्टी अडकवायची ठरली. पट्टी दिसली, की आत कुणीतरी आहे.

त्याचं असं झालं. पौषातली पहाट, कढत पाणी, वाफेनं भरलेली खोली. पाटावर बराच वेळ बसून आई झटकन उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नशीब, नळाला धरून खाली बसली. पण दाराला आतून कडी! आम्ही बाहेरून नुसत्या हाका मारतोय.

डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैलावतात. त्यात एकदम उठलं की रक्तदाब उतरतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तेव्हापासून पाट गेला, पायांना रबर असलेलं स्टूल आलं. पाणीही कोमट. अंघोळ झाली की दोन मिनिटं बसायचं, मग सावकाश उठायचं.

टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय मात्र मोडावीच लागते. ती दांडी टॉवेलापुरतीच असते, माणसाचं वजन पेलत नाही. भिलाईच्या पोलादाशेजारी आयुष्य काढायचं आणि आधार प्लास्टिकच्या दांडीचा! नळाजवळ आणि कमोडजवळ स्टीलचे दांडे मिस्त्रीकडून भिंतीत पक्के बसवून घ्या. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साबणात मिसळला की फरशी बुळबुळीत होते. ती घासायचं काम घरातल्या तरुणांचं. बादलीत रॉड लावत असाल तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. रात्रीसाठी एक छोटा दिवा चालू असू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं दगावतात. त्यांत साठीपुढची सर्वाधिक. कुणी पडलंच, तर ओढून उभं करू नका. खुबा दुखतोय, पाय हलवता येत नाही, असं दिसलं तर १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार बसला असेल, तर वरून ठीक दिसलं तरी दवाखाना गाठा.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. आईनं त्यांना ती पट्टी मोठ्या ऐटीत दाखवली. काकूंना हिरवी हवी आहे.