आभाळातून पडलेला दगड: शेंदूर की नोंद?

समजा, उद्या भर दुपारी इस्लापूरच्या शिवारात आभाळ गडगडलं आणि कापसाच्या तासात एक काळा दगड येऊन पडला. तो आधी कोण पाहील? तलाठी नाही, प्राध्यापक नाही. निंदणाऱ्या बाया, गुराखी, सालगडी पाहतील. म्हणजे आपलीच माणसं. संध्याकाळपर्यंत त्या दगडाला शेंदूर लागेल की त्याची नोंद होईल, हे त्यांच्या हातात असेल.

काही मित्र म्हणतील, गायरान, शिष्यवृत्ती, अत्याचाराच्या केसेस सोडून हा दगड कुठे घेऊन बसलात? आमचं म्हणणं असं की, ज्या समाजाला हजारो वर्षं ज्ञानाच्या दारातून हाकललं, त्याने ज्ञान स्वतःच्या शेतात येऊन पडल्यावर तरी ते दुसऱ्याच्या स्वाधीन करू नये. शेंदूर लागला की दानपेटी येते, पुजारी येतो, आणि ज्या बाईने दगड पाहिला तिलाच उद्या लांब उभं राहावं लागतं. हे आपण कमी पाहिलंय का?

ही कल्पनेतली गोष्ट नाही. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात मोठे आवाज झाले आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सुमारे ३० तुकडे गोळा केले. तपासणीत तो 'एल-६' प्रकारचा कॉन्ड्राइट ठरला. पुढे खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं आणि २०२१ साली ते संशोधन जगासमोर आलं. हे खनिज पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली भरपूर आहे, पण तिथवर माणसाचा हात पोचत नाही. ते काटोलच्या मातीत पडलेल्या दगडात मिळालं. उल्कापाषाणाला जवळच्या गावाचं नाव देण्याची जागतिक पद्धत आहे, म्हणून काटोल आज जगाच्या यादीत आहे. पण ते तुकडे शेतातून पहिल्यांदा कुणी उचलले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आता 'एल-६' म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण वर्गीकरण हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात. 'एच', 'एल', 'एलएल' ही अक्षरं दगडात लोह किती ते सांगतात. 'एल' म्हणजे कमी. आकडा सांगतो की मूळ लघुग्रहाच्या पोटात तो किती तापला. ६ म्हणजे बराच तापलेला. इथे ६ वाला ३ वाल्याहून श्रेष्ठ नाही. पातळ काप घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, खनिजं मोजून हा गट ठरतो. नवा पुरावा आला तर तो बदलतो. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेवर घाव घातला, तिथे न तपासता जन्मावरून पायरी ठरते आणि ती मरेपर्यंत बदलत नाही. वर्ग आणि वर्ण यांतला हा फरक आपल्या पोरांना दगड दाखवूनही शिकवता येतो.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याला एवढं माहीत हवं. दगड दिसला की आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून. वेळ, ठिकाण, आवाज कुठल्या दिशेने आला ते लिहा. उघड्या हाताने धरू नका. स्वच्छ ॲल्युमिनियमच्या कागदात किंवा नव्या पिशवीत ठेवा. धुऊ नका, फोडू नका, लोहचुंबक लावू नका. चुंबकाने दगडातली जुनी चुंबकीय खूण पुसली जाते. घाई करा, कारण विश्वकिरणांमुळे त्यात तयार झालेली काही द्रव्यं झपाट्याने संपतात. स्कँडियम-४६ तर ८४ दिवसांत निम्मं उरतं. आणि पावसात लोह गंजतं.

आपल्याकडे काळ्या दगडाची कमी नाही, सहस्रकुंडला जाऊन पाहा. अंगभर बुडबुड्यांची भोकं असलेला दगड बहुधा आपला बेसॉल्टच असतो. ताज्या उल्केवर पातळ काळी जळकी साल असते आणि आकाराच्या मानाने ती जड लागते. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात आभाळातून पडलेली मोठी धातूची कडी अनेकांना आधी उल्काच वाटली होती. ते रॉकेटचे अवशेष निघाले.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पंचनाम्यात दगड शोधणाऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं जावं, मग ती मजूर बाई का असेना. दगड नेताना तिला पोच मिळावी. तपासणीचा अहवाल मराठीत गावाच्या जिल्हा परिषद शाळेत यावा. दगड विकू नये, लपवू नये. तो संग्रहात गेला तरच पुढची पिढी त्याला नवे प्रश्न विचारू शकेल.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, असं बुद्धाने कालामांना सांगितलं. संविधानाच्या कलम ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलं. इस्लापूरच्या शिवारात दगड कधी पडेल ते आपल्या हातात नाही. पण तो पडेल त्या दिवशी आपल्या माणसाच्या हातात कुंकवाचा करंडा असेल की वही-पेन, हे आजपासून ठरवता येतं. येत्या रविवारी विहारात हा विषय घ्या.

जय भीम!