दहाच्या ठोक्याची तयारी

माहुल-चेंबूरकडच्या चाकरमान्याच्या घरी गणपतीची तयारी तिकिटापासून सुरू होते. मखराचे नंतर पाहिले जाते. कोकणात जाणाऱ्या गाड्या सुटतात ते लोकमान्य टिळक टर्मिनस इथून जवळच. पण बर्थ मिळवायचा तर आरक्षण खुले होते त्या सकाळी आठच्या आधीपासून मुलगा मोबाइल घेऊन बसतो, वडील खिडकीवरच्या रांगेत उभे राहतात, आणि बऱ्याचदा दोघांच्याही हाती प्रतीक्षा यादीतला क्रमांक येतो. पुढची आशा तत्काळची. तिथे वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला पुन्हा तीच शर्यत.

या शर्यतीचा भार वाहणारी रेल्वेची आरक्षण प्रणाली आता बदलत आहे. सध्याची व्यवस्था २०१० मध्ये बसवलेली आहे, ती इटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएस यांवर चालते आणि ती क्लाउडला अनुरूप अशा नव्या तंत्रज्ञानावर नेणे गरजेचे आहे, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. २२ मे २०२५ रोजी सकाळी दहाच्या त्या एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. तो तेव्हाचा उच्चांक होता. नव्या प्रणालीतून मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटे निघतील आणि ती डिसेंबर २०२५ पर्यंत उभी राहील, असे रेल्वेने त्याच वर्षी जूनअखेरीस जाहीर केले. हा बदल व्हायलाच हवा. प्रश्न आहे तो कसा करायचा याचा.

जुन्या प्रणालीला नावे ठेवण्याआधी तिने काय केले ते आठवावे. १९८५-८६ मध्ये सीएमसी या सरकारी कंपनीने दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू केले. त्याआधी बर्थ जाड वह्यांत हाताने लिहिले जात आणि एका गाडीचे तिकीट एकाच खिडकीवर मिळे. दिल्लीपाठोपाठ मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथे केंद्रे झाली. १९९९ मध्ये ‘कॉन्सर्ट’ या जाळ्याने ती एकमेकांना जोडली गेली आणि देशातल्या कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे आरक्षण मिळू लागले. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट आले. हे सारे भारतीय अभियंत्यांनी उभे केले.

तरीही तिचे आयुष्य संपत आले आहे. इंटेलने इटॅनियम प्रोसेसरचा पुरवठा जुलै २०२१ मध्ये थांबवला. सुटे भाग मिळणे आणि ही जुनी प्रणाली जाणणारे हात मिळणे, दोन्ही वर्षागणिक कठीण होणार. शिवाय आरक्षणाचा भार दिवसभर सारखा नसतो. आठ, दहा आणि अकरा वाजता तो उसळतो, दुपारी ओसरतो. क्लाउडमध्ये गर्दीच्या वेळी अधिक सर्व्हर कामाला लावता येतात आणि गर्दी सरली की मोकळे करता येतात. रेल्वेच्या गरजेला हे नेमके लागू पडते.

मात्र सर्व्हर वाढले म्हणून डबे वाढत नाहीत.

गाडीतले बर्थ तेवढेच राहिले आणि यंत्र पाचपट वेगवान झाले, तर बर्थ पाच मिनिटांऐवजी एका मिनिटात संपतील. तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न स्वयंचलित बॉटचे असतात, हे रेल्वेनेच सांगितले आहे. संशयास्पद अशी अडीच कोटी खाती तिला बंद करावी लागली. वेगाचा लाभ माणसाला व्हायचा असेल तर ही चाळण नव्या प्रणालीत पहिल्या दिवसापासून हवी. आणि प्रतीक्षा यादीची आकडेवारी जादा गाड्या व डबे ठरवणाऱ्यांच्या टेबलावर रोजच्या रोज पोहोचायला हवी.

दुसरी काळजी अधिक खोल आहे. चौकशीचे काम शंभर सर्व्हरना वाटून देता येते, पण एक बर्थ एकालाच द्यायचा असतो; त्याची अंतिम नोंद एकाच ठिकाणी व्हावी लागते. त्या नोंदीमागे चाळीस वर्षांचे नियम साठले आहेत: आरएसीचा क्रम, ज्येष्ठांना आणि महिलांना खालचा बर्थ, कर्करुग्ण व दिव्यांगांची सवलत, रत्नागिरी-कणकवलीसारख्या वाटेतल्या स्थानकांचा कोटा. यातले बरेचसे जुन्या प्रोग्रॅमच्या ओळींत आणि तो सांभाळणाऱ्यांच्या डोक्यात असते. स्थलांतरात एखादा नियम गळला, तर त्याचा फटका आधी केमोथेरपीसाठी परळला येणाऱ्या रुग्णाला बसेल.

घाईची किंमत जगाने मोजली आहे. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेली. माहिती नीट पोहोचली, पण प्रणालीच कोलमडली. लाखो ग्राहकांना स्वतःच्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. बँकेला पुढे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली आणि ६४७ सरकारी सेवा ठप्प झाल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवलेल्या ‘जी-ड्राइव्ह’चा दुसरीकडे बॅकअप नव्हता, ८५८ टेराबाइट माहिती गेली. ‘क्लाउड’ हा शब्द हवेतला असला, तरी माहिती कुठल्या तरी इमारतीतच असते.

योग्य वाट रेल्वेला माहुलमध्येच दिसेल. इथला बर्मा शेलचा, म्हणजे आजच्या भारत पेट्रोलियमचा, तेलशुद्धीकरण कारखाना १९५५ पासून चालू आहे आणि तो चालू ठेवतच त्यात नवे संच आले. एखादा संच थांबवायचा तर त्याला इथले कामगार ‘शटडाउन’ म्हणतात. त्याची तारीख बरीच आधी ठरते, कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा याची यादी होते आणि वर्क परमिटवर सही झाल्याशिवाय कोणी पान्याला हात लावत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये याच कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक जण जखमी झाले. एका संचात चूक झाली तर काय होते, हे या वस्तीने पाहिले आहे.

रेल्वेनेही तशीच शिस्त पाळावी. एकेका विभागाच्या थोड्या गाड्या आधी हलवाव्यात, जुनी आणि नवी प्रणाली काही महिने समांतर चालवावी आणि दोन्हींचे निकाल रोज ताडून पाहावेत. माहितीची प्रत दुसऱ्या शहरात असावी, आणि क्लाउड पुरवठादार बदलायची वेळ आली तर ती सरकारच्या ताब्यात विनासायास यावी, अशी अट करारात असावी. जुने प्रोग्रॅमर निवृत्त होण्याआधी सारे नियम लिहून काढावेत आणि प्रसिद्ध करावेत. नव्या प्रणालीबरोबर रेल्वेने दिलेल्या बहुभाषक सेवेच्या आश्वासनात मराठी पूर्णपणे असावी, आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी खिडकी उघडी राहावी. स्थलांतराचे टप्पे तारखांसह आधी जाहीर करावेत, आणि त्या तारखांत मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि गणपतीचे आरक्षण खुले होते ते दिवस नसावेत.