चोप्य-पस्ते आणि सुकेळी

परवा सुकेळीबद्दल नेटवर काहीतरी शोधत होतो आणि चक्क माझाच लेख वाचायला मिळाला! शब्द माझे, फोटो माझा, वर नाव भलत्याच माणसाचं. फोटोत आमच्या आत्याचे हात आहेत. आगाशीच्या अंगणात ती सोललेली राजेळी केळी उन्हात मांडतेय. शेजारी 'अस्सल वसईची सुकेळी, घरपोच' अशी जाहिरात. ती सुकेळी आत्याची नव्हे हे सांगायला नकोच. पण शेजारच्या काकूंनी तिला विचारलंसुद्धा, "ऑनलाइन धंदा सुरू केलास वाटतं?"

त्या महाशयांना मेल टाकली. उत्तर आलं, "नेटवर होतं म्हणून घेतलं. वसईची प्रसिद्धीच होतेय ना, तुम्हाला उलट आनंद व्हायला हवा."

आनंद? वाडीला कुंपण नाही म्हणून उद्या घड तोडून न्याल आणि वर म्हणाल, तुमच्या केळ्यांची चव जगाला कळली!

त्याच्यापेक्षा मला राग आला तो मित्रांचा. "जाऊ दे रे, तू काय पैसे घेऊन लिहितोस?" ढकलपत्रांच्या काळापासून हेच ऐकतोय. कुणाचीही कविता उचलायची, नाव कापायचं, पुढे ढकलायची. फार तर खाली पुलंचं नाव चिकटवायचं. पैशाचा काय संबंध? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाने हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' म्हणायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, कलम ५७. नोंदणीचीही सक्ती नाही. लिहिलं की हक्क तुमचा, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही तेवढीच मुदत आहे.

मग तक्रार करायची कुठे? इथे आपल्या नियमांची गंमत बघा. २०१३ च्या नियमांतला ७५ वा नियम सांगतो की लेखी तक्रार आली की साइटवाल्याने ३६ तासांत मजकूर बंद करायचा. वा! पण तक्रारीतच हमी द्यायची की मी कोर्टात दावा लावीन आणि २१ दिवसांत हुकूम आणून दाखवीन. नाही आणला तर मजकूर पुन्हा सुरू करायला तो मोकळा. सिनेमा कंपन्यांना हे ठीक आहे, त्यांचे वकील पगारी. मी सुकेळीच्या एका लेखासाठी २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणू? राहत्या जिल्ह्यात दावा लावायची सोय कायद्याने दिलीय, पण वकिलाची फी कोण देणार?

शेवटी अमेरिकेचा कायदा कामी आला. १९९८ चा, डीएमसीए म्हणतात तो. चोराने मजकूर ठेवला होता तो एका अमेरिकन कंपनीच्या सर्व्हरवर. माझ्या मूळ लेखाची लिंक, त्याची लिंक, नाव-पत्ता, माहिती खरी असल्याचं निवेदन आणि सही. फी नाही, वकील नाही. समोरच्याने उलट नोटीस दिली तर मात्र १० ते १४ कामाच्या दिवसांत मजकूर परत येतो, तोवर तुम्ही दावा लावला नाहीत तर. चोर सहसा उलट नोटीस देत नाही, कारण त्यात स्वतःचं खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो.

या हत्याराचा गैरवापर होतो, कबूल. टीका झोंबली की तक्रार ठोकणारेही आहेत. कुणी माझ्या दोन ओळी नाव देऊन घेतल्या आणि खाली मला शिव्या घातल्या, तर मी फॉर्म भरणार नाही. परीक्षणासाठी, टीकेसाठी तेवढी मुभा कायदाच देतो. पण अख्खा लेख, फोटोसकट, वर जाहिरात? तिथे 'जाऊ दे' म्हणणारे चोराचे भागीदार आहेत.

चार दिवसांत पान गेलं. मोठ्या रुबाबात आत्याला सांगायला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या लेखात तरी माझं नाव कुठे आहे?"

नव्हतं. नुसतं 'आमची आत्या' लिहिलं होतं मी. रात्री घरी येऊन तिचं नाव टाकलं. फोन नंबरही टाक म्हणत होती, सीझन आहे म्हणून.