पांढरं जाणं, विटाळ आणि आपली चळवळ

महिलांची बैठक संपते. पुरुष कार्यकर्ते सतरंज्या गोळा करायला लागतात. तेव्हा एखादी ताई आमच्यातल्या बाईला बाजूला घेते आणि हळूच विचारते, "अंगावरून पांढरं जातंय, वासही येतो. काय करू?" कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बौद्ध वस्त्यांत, कातकरी-ठाकर वाड्यांवर काम करताना हा प्रश्न आम्ही असाच, बैठक संपल्यावर ऐकला आहे. रेशन, घरकुल, जातीचा दाखला यांवर तावातावाने बोलणारी बाई इथे आवाज खाली का आणते?

कारण शरीराचा हा भाग घाणेरडा आहे, असं तिला लहानपणापासून शिकवलं आहे. पाळी म्हणजे विटाळ, बाळंतपण म्हणजे विटाळ. पांढरं जाणं म्हणजे 'उष्णता', नाहीतर 'हाडं झिजतात', नाहीतर बाईची चालच वाईट! १९५६ ला आपण धम्म स्वीकारला, देव्हारे विसर्जित केले. पण हा विटाळ आपल्या घरातून गेला का?

विज्ञान काय सांगतं ते पाहू. निरोगी योनीमार्गातही जिवाणू असतातच. त्यांत बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलस गटाचे जिवाणू जास्त असतात. दूध विरजून दही करणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका आंबट ठेवतात आणि अपायकारक जंतूंना वाढू देत नाहीत. हे राखणदार कमी झाले की गार्डनेरेलासारखे जिवाणू माजतात, पीएच ४.५ च्या वर जातो, पातळ करडा-पांढरा स्राव होतो, माशासारखा वास येतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. गार्डनेरेला निरोगी बाईतही सापडतो. म्हणून एक जंतू दिसला की रोग ठरत नाही, सगळ्या जिवाणूंचा समतोल पाहावा लागतो. दह्याच्या गोळ्यांसारखा स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशी, तिचं औषध वेगळं. आणि महिनाभरात कमी-जास्त होणारा, वास किंवा खाज नसलेला स्राव हा आजारच नव्हे.

आता शुद्धतेचं वेड काय करतं? बाई 'स्वच्छ' होण्यासाठी साबणाने, जंतुनाशकाने आतून धुते आणि राखणदार जिवाणूच वाहून जातात. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. शुद्धीच्या नावाने चांगल्या पाण्यात घाण गेली. बाईच्या शरीराशी आपण आजही तेच करत आहोत.

हा प्रश्न किती मोठा आहे? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, त्यांतले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तक्रार होती ५५ टक्के स्त्रियांची. म्हणजे आजार असूनही कितीतरी जणींची तक्रारच नव्हती!

आणि हे नुसत्या खाजेपुरतं राहत नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिस असताना वेळेआधी बाळंतपण होण्याचा आणि एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बाईने तपासणीसाठी रोज बुडवून तालुक्याला कधी यायचं? खालापूरच्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात वाडीवरची बाई हंडे वाहते. तिला 'स्वच्छता ठेवा' म्हणून उपदेश करणं हा निव्वळ क्रूरपणा आहे.

सरकारी यंत्रणेत लक्षणं ऐकून रंगीत किट देण्याची पद्धत आहे. योनीस्रावासाठी हिरवं किट. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे त्याचा उपयोग आहे, हे आम्ही मान्य करतो. पण जी बोलतच नाही तिला किट कोण देणार? जिला आजार नाही ती फुकट गोळ्या का खाणार? पीएचची कागदी पट्टी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब आणि मायक्रोस्कोपखाली एक काच, एवढ्यावर हे निदान होतं. हे निकष १९८३ पासून वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. हिवताप आणि क्षयाच्या तपासणीसाठी मायक्रोस्कोप चालतो, तर बाईच्या स्रावासाठी का नाही?

आता भावांशी दोन शब्द. हा आजार म्हणजे बाईच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. पण उपचार एकट्या बाईचा प्रश्नही नव्हे. २०२५ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त बाईला औषध दिलं तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना आजार परत झाला. जोडीदारालाही दिलं तेव्हा ३५ टक्के. मोर्चात पुढे असणारा आपला कार्यकर्ता डॉक्टरकडे बायकोसोबत जाईल का?

'हे विषय विहारात कशाला?' असं विचारणाऱ्यांना आम्ही आठवण देतो. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कोर्टात कर्व्यांची वकिली बाबासाहेबांनी केली. लैंगिक प्रश्नांना मासिकातून खुली उत्तरं देणं हाच कर्व्यांचा 'गुन्हा' होता.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. कर्जत आणि खालापुरातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून ठरलेल्या दिवशी महिला डॉक्टर, पडद्याआड तपासणी आणि जागेवर चाचणी मिळाली पाहिजे. तशी निवेदनं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आपण सर्वांनी द्यावीत. आणि येत्या भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करून वस्तीतल्या महिलांसाठी एक तपासणी शिबिर घ्यावं. बैठक संपल्यावर कुजबुजला जाणारा प्रश्न आपण बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेऊ.

जय भीम!