आवाज बारीक, घूं मोठी

"कानच गेलेत रे माझे आता," बाबा दिवाळीत म्हणाले आणि मी मान डोलावली. आजचं लिखाण म्हणजे त्या मान डोलावण्याचं प्रायश्चित्त समजा.

झालं असं की बाबांच्या नव्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. २०१६ साली आयफोन ७ मधून ते गेलं आणि मग हळूहळू बहुतेकांनी तोच कित्ता गिरवला. म्हणून मी त्यांना यूएसबी-सीचा एक छोटा डोंगल आणून दिला. त्यावर जुनं नाट्यसंगीत ऐकायचं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. आठवड्याभरात तक्रार आली, आवाज फार बारीक येतो. मी तोच डोंगल माझ्या लॅपटॉपला लावून बघितला, तर आवाज दणदणीत! "अहो बाबा, डोंगल उत्तम आहे. तुम्ही एकदा कान तपासून घ्या," असं सांगून मी मोकळा झालो.

ऑफिसात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणाऱ्या पोरांची मी यथेच्छ टर उडवतो. घरी मी नेमकं तेच केलं.

मग बाबांनी आपला आपणच उपाय काढला. फोन घरच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि त्याचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलं. गाणं ऐकू यायला लागलं, पण त्याच्यामागे एकसारखी घूंऽऽ. शेवटी कंटाळून त्यांनी ऐकणंच सोडून दिलं. मला हे दोन महिन्यांनी कळलं, तेही आईकडून.

तेव्हा कुठे मी एक अख्खा शनिवार काढून बसलो. आधी आवाजाचं बघू.

या डोंगलला आपण वायर समजतो, तिथेच चुकतो. त्यात डॅक असतो, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, आणि बऱ्याच डोंगलांत त्या चिपला स्वतःचा वेगळा व्हॉल्यूमही असतो. म्हणजे व्हॉल्यूम दोन झाले, एक फोनचा आणि एक डोंगलचा. लॅपटॉपवर पट्टी सरकवली की सहसा डोंगलचाच व्हॉल्यूम हलतो. बरेच अँड्रॉइड फोन मात्र त्याला हातच लावत नाहीत. ते स्वतःकडचे आकडे तेवढे लहान-मोठे करतात. डोंगल चालू होताना ज्या पातळीवर असेल तिथेच बसून राहतो. ती पातळी खाली असली, तर फोन १०० टक्के दाखवणार आणि कानात येणार कुजबुज. लिनक्सवर अल्सामिक्सर उघडून एफ६ दाबून डोंगल निवडला की तो दुसरा व्हॉल्यूम डोळ्यांना दिसतो. फोनवर तो दिसायची सोय सहसा नसते. डोंगलशी थेट बोलणारी काही म्युझिक अ‍ॅप्स आहेत, त्यांत हार्डवेअर व्हॉल्यूम असा पर्याय मिळतो. बाबांच्या फोनवर तसं एक टाकलं, हार्डवेअर व्हॉल्यूम वर नेला, आणि झालं! (हे करताना हेडफोन कानात ठेवू नका. एकदम मोठा आवाज आला तर कान खरंच जायचे.)

आता घूं. ती चार्जर काढल्याबरोबर गेली. फोन नुसत्या बॅटरीवर असला की तो अधांतरी असतो. पण चार्जर लावला की त्यातून गळणारा किंचितसा करंट फोनमधून, ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे वाट काढतो. आपल्या विजेचे ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीतले सूर गाण्यात मिसळतात. हेडफोनवर हे होत नाही, कारण तिथून पुढे जायला वाटच नाही. लॅपटॉपचं अर्थिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग मिळून असाच एक फेरा तयार होतो, त्याला ग्राउंड लूप म्हणतात.

आणि खरी गंमत पुढे आहे. बाबांच्या दोन्ही तक्रारी एकाच माळेतल्या होत्या. डोंगलचा आवाज बारीक, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर चढवला. घूं तर अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशीच शिरत होती, म्हणून गाण्याबरोबर तीही चढली. डोंगलचा आवाज वाढवून अ‍ॅम्प्लिफायर उतरवल्यावर चार्जर लावलेला असूनही घूं निम्म्याहून कमी वाटली. उरलेल्यासाठी काही शे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण तारांचा थेट जोड तुटतो. नाहीतर ऐकताना चार्जर काढा, फुकटात काम. पण कोणी थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाका असं सुचवलं तर अजिबात ऐकू नका. घूं जाईल, पण बिघाड झाला तर शॉक लागून माणूसही जाईल.

बाकी आवाजांचीही अशीच ओळख पटते. माउस हलवला की बदलणारी किरकिर लॅपटॉपच्या आतून येते. व्हॉल्यूम कमी-जास्त केला तरी तेवढीच राहणारी सूं ही डॅकच्या पुढच्या भागाची, फार संवेदनशील इअरफोनवर ती जास्त जाणवते. मधूनच टक्‌ टक्‌ होत असेल तर डेटा वेळेवर पोचत नाहीये, यूएसबी हब काढून थेट जोडून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, इतकंच पथ्य. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर बरं कशाने झालं ते कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांनी भोक काढून त्या जागी एक छोटा कॉम्प्युटर दिला, त्यांनी त्याचा दुसरा व्हॉल्यूमही समोर दाखवायला हवा होता. पण त्यांना नावं ठेवण्याआधी मी स्वतःला ठेवतो. लॅपटॉपवर चालतंय एवढ्यावरून फोनवरही चालणार असं मी धरून चाललो, आणि सगळ्या साखळीत जो माणूस होता त्यालाच सदोष ठरवलं. वय झालेली माणसं असं लगेच मान्यही करतात. म्हणूनच जास्त जपायला हवं.

कान मात्र तरीही तपासून घेतले. तो सल्ला चुकीचा नव्हता, तो पहिला द्यायला नको होता. रिपोर्ट वयाच्या मानाने ठीक आला.

असो. परवा रविवारी फोन केला तर म्हणाले, "नंतर कर रे, नाटकाचा तिसरा अंक चालू आहे." :)