कंपवाताचा उपाय कोणाच्या मालकीचा?

१८१७ साली लंडनमधील जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने कंपवातावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात सहाच रोग्यांचे वर्णन होते आणि त्यांतील काही तर त्याला केवळ रस्त्यात दिसले होते. पुढे रोगाला त्याचेच नाव मिळाले. हाच पार्किन्सन सामान्य कष्टकऱ्यांसाठी मताधिकार मागणाऱ्या लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटीचा सभासद होता, ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने सरकारवर कोरडे ओढणारी पत्रके लिहीत होता आणि १७९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची चौकशीही झाली होती. ज्याने रस्त्यावरचा रोगी पाहिला, त्याच्या नावाच्या रोगावरील आजचा सर्वांत प्रगत उपाय मात्र रस्त्यावरच्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेला आहे.

मेंदूच्या गाभ्यात बारीक तार बसवायची आणि छातीच्या कातडीखाली ठेवलेल्या बॅटरीतून तिला विद्युतस्पंद पुरवायचे, असा हा उपाय आहे. त्याने रोग बरा होत नाही, त्याची वाटचाल थांबत नाही आणि प्रत्येक रोग्याला तो लागूही पडत नाही. तथापि गोळ्यांचा परिणाम टिकेनासा झालेल्या अनेक रोग्यांचा हात त्यामुळे पुन्हा स्थिर होतो. घास तोंडापर्यंत जातो, सदऱ्याची गुंडी लागते. भारतात या शस्त्रक्रियेचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. शिवाय साधी बॅटरी सामान्यतः तीन ते पाच वर्षांत संपते आणि नवी बसवावी लागते. रोगी हा अशा रीतीने एक वेळचे गिऱ्हाईक न राहता कंपनीचे जन्माचे कूळ बनतो.

पण हे ज्ञान निर्माण कोणी केले? १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे, सार्वजनिक विद्यापीठ-रुग्णालयात, आलीम लुई बेनाबीद आणि पिएर पोलाक यांनी मेंदूला उच्च वारंवारतेचे विद्युतस्पंद देऊन कंप थांबवता येतो हे दाखवून दिले. माहलॉन डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये माकडांवरील प्रयोगांतून ‘सबथॅलॅमिक न्यूक्लिअस’ या केंद्राचे महत्त्व सिद्ध केले. डीलाँग यांच्या संशोधनाचा आरंभ अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांत झाला होता. तार नेमकी कोठे बसवायची हे ज्या एमआरआय प्रतिमेवरून ठरते, तिच्यासाठी २००३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांनीही पायाभूत काम सार्वजनिक विद्यापीठांतच केले. मेंदूच्या लहरी वाचून गरजेपुरताच प्रवाह सोडण्याची पद्धत ऑक्सफर्डच्या पीटर ब्राउन यांच्या गटाने २०१३ साली रोग्यांवर आजमावली, तीही सरकारी अनुदानाच्या साहाय्याने. त्याच तत्त्वावरील यंत्राला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, ती मात्र मेडट्रॉनिक या कंपनीला.

कंपन्यांचे कैवारी म्हणतील की, प्रयोगशाळेतील शोध आणि शरीरात वर्षानुवर्षे टिकणारे यंत्र यांच्यात मोठे अंतर असते आणि ते तोडण्यास भांडवल लागते. हे खरे आहे. यंत्र घडविणाऱ्यांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु सर्वांत अनिश्चित असा पहिला टप्पा करदात्यांच्या पैशाने आणि स्वतःचा मेंदू प्रयोगासाठी खुला करणाऱ्या रोग्यांच्या धैर्याने पार पडला. जोखीम समाजाची आणि किंमत ठरविण्याचा हक्क एकट्या भांडवलाचा, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात न्याय्य ठरतो?

डाव्या चळवळीतूनही एक आक्षेप येतो. जेथे क्षयरोग्याला पोटभर अन्न नाही, तेथे ही श्रीमंती थेरे कशाला? या युक्तिवादात कळकळ आहे, पण तो फसवा आहे. कंपवात श्रीमंतांचा रोग नव्हे. पॅराक्वाटसारख्या तणनाशकांशी त्याचा संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेतो तो शेतमजूरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतील लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी प्रथम प्रत्येक तालुक्यात पोहोचली पाहिजे, हे निर्विवाद. परंतु गोळी आधी, याचा अर्थ शस्त्रक्रिया गरिबाला कधीच नाही, असा करून घेणे म्हणजे विज्ञान स्वखुशीने धनिकांच्या हवाली करणे होय.

मार्ग नाही असेही नाही. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनल या सरकारी संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप देशातच विकसित केली. १९९० मध्ये ती प्रथम रोग्याला बसवली गेली आणि आयात झडपेपेक्षा स्वस्तात मिळू लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयातील स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरली. झडप घडवता येते आणि स्टेंटची किंमत बांधता येते, तर मेंदूतील तारेलाच अपवाद का?

म्हणून पक्षाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात तीन मागण्यांचा समावेश व्हावा: या यंत्राची आणि बॅटरीची कमाल किंमत सरकारने ठरवावी, देशी यंत्राच्या निर्मितीचे काम सार्वजनिक संस्थांकडे पुरेशा निधीसह सोपवावे, आणि सरकारी रुग्णालयात तार बसविलेल्या रोग्याची बॅटरी आजन्म विनामूल्य बदलून द्यावी. यांतील तिसरी मागणी सर्वांत निकडीची आहे. कारण बॅटरी संपते त्या दिवशी थांबलेला हात पुन्हा थरथरू लागतो, आणि त्या हातात नव्या बॅटरीचे पैसे असतीलच असे नाही.