मांडवातला जयघोष आणि मतपेटीतला कौल

२०२८ साली अमेरिकेतील दोन्ही प्रमुख पक्षांना अध्यक्षपदासाठी नवा उमेदवार निवडावा लागणार आहे. दोनदा निवडून आलेल्या व्यक्तीला तिसऱ्यांदा निवडून येण्यास अमेरिकी राज्यघटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीने मज्जाव केला आहे. त्यामुळे डोनाल्ड ट्रम्प यांच्यानंतर कोण, हा प्रश्न रिपब्लिकन पक्षापुढे आहे. तर २०२४ च्या पराभवानंतर ध्वज कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न डेमोक्रॅटिक पक्षापुढे. वरवर पाहता हे प्रश्न व्यक्तींचे आहेत. पण त्यांच्या तळाशी एक जुना पेच आहे. निष्ठावंतांच्या हृदयाला हात घालणारा उमेदवार द्यावा, की काठावरच्या मतदारालाही आपला वाटेल असा द्यावा?

आपल्याकडे उमेदवारीचा निर्णय पक्षश्रेष्ठी करतात आणि ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हा परवलीचा शब्द त्यांच्याच बैठकांतून बाहेर येतो. अमेरिकेत हा निर्णय पक्षाच्या सामान्य मतदाराकडे आहे. प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत, त्याच्या मताने उमेदवार ठरतो. परंतु या फेरीला येणारा मतदार संख्येने थोडा आणि भूमिकेने ठाम असतो. नोव्हेंबरमध्ये मात्र साऱ्या देशापुढे जावे लागते. परीक्षक दोन, परीक्षार्थी एकच. आणि पहिल्या परीक्षेत लिहिलेली उत्तरे दुसऱ्या परीक्षेत पुसता येत नाहीत.

या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण १९६४ चे आहे. ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर हे त्या वेळी रिपब्लिकन पक्षातील परंपरावाद्यांचे दैवत होते. शासनाचा पसारा आवरावा, कर कमी व्हावेत, साम्यवादाशी तडजोड नको, ही त्यांची भूमिका. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचा कॅलिफोर्नियात निसटता पराभव करून त्यांनी उमेदवारी खेचून आणली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात रॉकफेलर बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांची हुर्यो उडवण्यात आली. त्याच व्यासपीठावरून गोल्डवॉटर यांनी, स्वातंत्र्याच्या रक्षणार्थ केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे, अशा आशयाचे भाषण केले. सभागृह दुमदुमले, देश मात्र धास्तावला. निवृत्तिवेतनाची सरकारी योजना ऐच्छिक करण्याची त्यांची भाषा वृद्धांना भिववून गेली. नोव्हेंबरमध्ये पन्नासपैकी अवघी सहा राज्ये त्यांच्या पदरी पडली. लिंडन जॉन्सन यांना ४८६ निर्वाचक मते, गोल्डवॉटर यांना ५२.

पण या पराभवाची खरी किंमत अध्यक्षपदापुरती नव्हती. त्या लाटेत प्रतिनिधीगृहाच्या ४३५ पैकी २९५ आणि सिनेटच्या १०० पैकी ६८ जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेल्या. त्या बहुमताच्या बळावर जॉन्सन यांनी १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या विशाल सरकारी योजना उभ्या केल्या. त्या योजना योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वादाचा विषय. परंतु शासन लहान व्हावे म्हणून ज्यांनी गोल्डवॉटर यांना पुढे केले, त्यांच्या डोळ्यांदेखत शासन कधी नव्हे इतके विस्तारले. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले!

डेमोक्रॅटिक पक्षाने हा धडा आठ वर्षांनी आपल्या अंगावर घेतला. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढवता पक्षनेत्यांनी उमेदवारी दिली. त्यावर उसळलेल्या असंतोषातून उमेदवार निवडीचे नियम बदलले. नियम बदलणाऱ्या आयोगाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न हेच १९७२ मध्ये तरुण, युद्धविरोधी कार्यकर्त्यांच्या बळावर उमेदवार झाले आणि एक मॅसॅच्युसेट्स वगळता सर्व राज्ये हरले. पुढे त्या पक्षाने निर्वाचित लोकप्रतिनिधी व पदाधिकाऱ्यांना ‘सुपरडेलिगेट’ म्हणून अधिवेशनात मताधिकार देऊन कार्यकर्त्यांच्या भावनेला लगाम घातला. २०१६ च्या वादानंतर, २०१८ मध्ये, तो लगामही बराचसा सैल केला गेला. लंबक असा आजही हेलकावे घेतो आहे.

अध्यक्षपदापेक्षाही सिनेटच्या निवडणुकांत हा पेच अधिक उघडा पडतो. २०१० मध्ये डेलावेअरमध्ये माजी गव्हर्नर माइक कॅसल यांचा विजय जवळपास गृहीत धरला जात होता. ‘टी पार्टी’ चळवळीच्या निष्ठावंतांना ते पुरेसे कडवे वाटले नाहीत. त्यांनी क्रिस्टीन ओडॉनेल यांना उमेदवारी मिळवून दिली आणि हातातली जागा घालवली. २०१२ मध्ये इंडियानात सहा वेळा सिनेटर झालेले रिचर्ड लुगर यांना प्रायमरीत पाडण्यात आले. ती जागाही गेली. मिसुरीचा प्रकार तर उद्बोधकच. तेथील डेमोक्रॅटिक सिनेटर क्लेअर मॅककास्किल यांनी रिपब्लिकन प्रायमरीच्या काळात टॉड एकिन यांच्या कडवेपणाची जाहिरात स्वखर्चाने केली. वरवर टीका, प्रत्यक्षात प्रचार! हाच प्रतिस्पर्धी आपल्याला सोपा जाईल, हे त्यांचे गणित होते आणि पुढे २०१५ मध्ये त्यांनी ते उघड सांगितले. एकिन उमेदवार झाले, बलात्कारासंबंधी असंवेदनशील विधान करून बसले आणि हरले. त्याच दिवशी इंडियाना आणि मिसुरी या दोन्ही राज्यांतील मतदारांनी अध्यक्षपदासाठी मात्र रिपब्लिकन मिट रॉम्नी यांनाच कौल दिला होता. म्हणजे मतदार पक्षावर रुसला नव्हता. त्याला उमेदवार पसंत नव्हता. आपला उमेदवार कोण असावा, हे प्रतिस्पर्ध्याने ठरवावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, याहून मोठी फसगत कोणती?

यावर निष्ठावंतांचे एक उत्तर ठरलेले असते. कडवा उमेदवार दिला की आपला मतदार उत्साहाने बाहेर पडतो, काठावरच्यांची गरजच काय? राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉल यांनी प्रतिनिधीगृहाच्या अटीतटीच्या प्रायमरींचा अभ्यास केला. त्यात जेथे अधिक टोकाचा उमेदवार थोडक्यात जिंकला, तेथे सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाची मते सरासरी ९ ते १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पुढील अभ्यासात कारणही दिसले. टोकाचा उमेदवार स्वपक्षापेक्षा विरोधी पक्षाच्याच मतदाराला अधिक जागा करतो.

मग विजयाचे गणित मांडणारेच शहाणे आणि निष्ठावंत सारे भाबडे, असे म्हणायचे काय? तसे मुळीच नाही. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक मतदारांनी हॉवर्ड डीन यांच्याविषयीचा उत्साह आवरून, युद्धात पदके मिळवलेले जॉन केरी हे ‘निवडून येण्याजोगे’ म्हणून निवडले. ते हरले. २०१२ चे रॉम्नीही असेच सुरक्षित उमेदवार होते. उलट २०१६ मध्ये ट्रम्प जिंकूच शकत नाहीत, असे सांगणारे पंडित तोंडघशी पडले. ‘विजयक्षमता’ हा शब्द पुष्कळदा प्रस्थापितांच्या भित्रेपणावर पांघरलेली शाल असतो, हेही तितकेच खरे.

विल्यम बकली हे ‘नॅशनल रिव्ह्यू’ या परंपरावादी नियतकालिकाचे संपादक. १९६४ मध्ये त्यांचे पत्र गोल्डवॉटर यांच्या पाठीशी उभे होते. पराभवाची धग सोसल्यावर १९६७ मध्ये त्यांनी एक कसोटी सांगितली: विजयाची शक्यता असलेल्यांपैकी जो विचाराने आपल्या सर्वांत जवळचा, त्याला पाठिंबा द्यावा. यात विचार सोडायचा नाही आणि वास्तवही नाकारायचे नाही.

या कसोटीवर पुरेपूर उतरले ते रोनाल्ड रेगन. ऑक्टोबर १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी केलेल्या दूरचित्रवाणी भाषणानेच ते राजकारणात पुढे आले. विचार मूलतः तोच होता. परंतु १९८० मध्ये त्यांनी मतदाराला धमकावले नाही, तर विचारले: चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचे बरे चालले आहे काय? गोल्डवॉटर यांनी उपाध्यक्षपदासाठी समविचारी विल्यम मिलर यांना घेतले होते; रेगन यांनी प्रायमरीत आपल्याला विरोध करणारे मवाळ जॉर्ज बुश यांना सोबत घेतले. कामगार वर्गातील पिढीजात डेमोक्रॅटिक मतदारही त्यांच्याकडे वळला आणि ४४ राज्ये त्यांनी जिंकली.

निष्ठा आणि विजय यांत वैर नाही, हेच यावरून दिसते. वैर आहे ते आपल्याच मांडवातल्या जयघोषाला देशाचा आवाज समजण्याशी. उमेदवार निवडताना कार्यकर्त्याने एकच प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा: जो आज आपल्या सभेला आलेला नाही, त्याच्या उंबरठ्यावर हा माणूस आपला विचार घेऊन जाऊ शकेल काय, आणि तेथे त्याचे ऐकले जाईल काय? २०२८ च्या प्रायमरीत उतरणाऱ्या दोन्ही पक्षांच्या मतदारांसमोर हाच प्रश्न आहे. जेथे जेथे पक्ष विचारावर उभे आहेत आणि सत्ता मतपेटीतून मिळते, तेथेही तो चुकणारा नाही.